रंगारी चाचांचा तांबेरा

एका माणसाला मी एका वाक्याने गावच्या शेतांतून बाहेर काढले. वाक्य सगळेच्या सगळे खोटे नव्हते, म्हणून ते बोलताना जीभ अडखळली नाही. आज माझे वय पन्नाशीला टेकले आहे. एवढ्या नोकरीत मी शेकडो सभांतून बोललो, पण त्या एका वाक्याखेरीज दुसरे काहीही मला शब्दशः आठवत नाही. ज्यांच्याविषयी ते होते त्यांच्याबद्दल लिहायचे तर हे आधी सांगणे भाग आहे. नाहीतर पुढचे वाचून कोणाला वाटेल की मी त्यांचा चाहता होतो. मी त्यांचा भाडेकरू होतो, आणि अपराधी होतो.

शेतकी खात्यात मी कामदार म्हणून लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. नागपूरहून कागद येत, साहेब त्यांवर सही करीत, आणि त्यांत लिहिलेले शेतकऱ्यांच्या गळी उतरवणे हे कामदाराचे काम. माझी नेमणूक दुसरबीडजवळच्या एका गावी झाली. खोली मिळाली ती एका मुसलमान रंगाऱ्याच्या घरात. सगळा गाव त्यांना रंगारी चाचा म्हणे. साठीच्या आतबाहेरचे, उंच, पाठीत किंचित वाकलेले. डावा हात कोपरापर्यंत निळा आणि उजवा लाल. निळीच्या रांजणात उजवा हात घालायचा नाही आणि आलीच्या मुळ्यांपासून काढलेल्या लाल रंगात डावा घालायचा नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. त्यामुळे जड लुगडे एका हाताने पिळताना त्यांची फार तारांबळ होई, पण नेम मोडला नाही. कारण विचारले तर म्हणत, “दोघं भाऊ एका ताटात जेवले का भांडण होते.”

स्वतः मात्र कायम पांढरे घालत. पांढरा सदरा, पांढरा पायजमा. साऱ्या पंचक्रोशीची पागोटी रंगवणारा माणूस असा कोरा कसा, असे मी पहिल्याच आठवड्यात विचारले होते. “हलवायाले कधी पेढा खाताना पाह्यलं काय?” एवढेच उत्तर मिळाले.

खरे कारण मला मार्गशीर्षात कळले. पहाटेचे दव असेपर्यंत चाचा घरातून निघत आणि लोकांच्या गव्हातून चालत. वाटेने नव्हे, पिकातून, पेरणीच्या तासातासाने. परत येत तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला असे. मग ओट्यावर पाय लांब करून बसत आणि उन्हात तो पायजमा बोटभर बोटभर निरखत. एवढे होईपर्यंत कोणाशी बोलत नसत. मी रामराम घातला तरी हात वर करून थांबवत. त्यांना हवा असे तांबेरा. आमच्याकडे त्याला गेरवा म्हणतात. गव्हाच्या पानावर, दांड्यावर बारीक फोड येतात, ते फुटले की विटकरी भुकटी उडते, आणि पिकातून पांढरे नेसून चालले की ती काठाला लागते. मला तो रोग पान तोंडाजवळ आणल्याशिवाय दिसत नसे. चाचांना तो कापडावर दिसे, कारण कापडावरचा रंग ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता.

गेरवा एक नाही, दोन आहेत, हे मला त्यांनी सांगितले. एक पानावरचा, काताच्या रंगाचा. दुसरा दांड्यावरचा, आधी विटकरी आणि पुढे काळा पडणारा. “पानावरचा पाव्हणा होय, साहेब. दोन दिस खाऊन जाते. दांड्यावरचा जावई होय. तो घर रिकामं केल्याबिगर उठत नाई.” दांड्यावरचा दिसला की ते त्या शेतकऱ्याच्या दारात जाऊन सांगत, अमुक बांधाकडचा पट्टा हिरवाच कापून जनावरांना घाल, त्याच्यात दाणा भरणार नाही. शेतकरी शिव्या देई. फाल्गुनात त्या पट्ट्यात खरोखर भुसा निघे, आणि मग तोच शेतकरी म्हणे, म्हाताऱ्याची जीभ काळी आहे.

रस्त्याचा नादही होता. जालन्याकडून येणाऱ्या आणि खामगावकडे जाणाऱ्या गाड्या गावाजवळच्या ओढ्यावर बैल सोडत. तिथे चाचा जाऊन उभे राहत. गाडीवानाला जय हरी नाही, सलाम नाही, पहिला प्रश्न: “तुमच्याकडे गेरवा पडला काय? किती दिस झाले?” मग खाली बसून त्याच्या धोतराचा काठ हातात घेत. एकदा एका नव्या गाडीवानाने घाबरून धोतर सोडवून घेतले आणि चाबूक उगारला. चाचा शांतपणे म्हणाले, “मार बापा, पण आधी सांग, गहू कसा हाय?”

आणि शेवटी फडकी. शेताच्या बांधावरच्या बाभळीला, चारी दिशांना तोंड करून, हातभर हातभर पांढरी फडकी बांधत. त्यांना जवसाच्या तेलाचा पुसटसा हात दिलेला असे, भुकटी चिकटून राहावी म्हणून. अशा सातआठ बाभळी होत्या. दर शुक्रवारी नमाजाहून येताना ती फडकी काढून नवी बांधत. जुनी घडी घालून पेटीत ठेवत. लिहिता येत नव्हते, म्हणून दिशा आणि आठवडा ओळखण्यासाठी कोपऱ्याला वेगवेगळ्या रंगाचा दोरा घालत. त्यांचे म्हणणे असे की गेरवा इथे जन्मत नाही. दरसाल दक्षिणेकडून येतो. गाडीवान सांगतात, जालन्याकडे आधी दिसतो, मग आपल्याकडे, मग खामगावकडे. दक्षिणेचे फडके आधी रंगते, उत्तरेचे शेवटी.

गावाचे म्हणणे होते की आभाळ आले की गेरवा पडतो. त्यावर चाचा म्हणत, “आभाळ आन् गेरवा एकाच गाडीत बसून येते. लोक सोबतच्यालेच चोर म्हणतात.”

माणूस खरा, पण जेवायला बोलवायचा नाही, अशी त्यांची ख्याती होती. देऊळगाव राजाला एका लग्नात पंगतीवरून उठून त्यांनी नवऱ्याच्या बापाला सांगितले होते की पोराचे पागोटे पुडीच्या कच्च्या रंगाचे आहे, वरातीत घामाने उतरेल. वरातीत नवऱ्याच्या कपाळावरून गुलाबी ओघळ खरोखर उतरले. त्यानंतर त्यांना कोणी लग्नाला बोलावले नाही. “मी चुकलो होतो काय?” असे ते मला विचारत. त्यांना खरेच कळत नसे. बरोबर असणे आणि माणसांना हवेसे असणे, यांत अंतर असते हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. मला ते फार चांगले ठाऊक होते, आणि माझा अपराध तिथूनच सुरू होतो.

माझ्या दुसऱ्या वर्षी पेरणीच्या आधी मी गावच्या चावडीत सभा घेतली. मोरचुदाच्या पाण्यात बी भिजवून पेरा, असा खात्याचा सांगावा होता. तो ज्वारीच्या काणी रोगासाठी होता आणि काणीपुरता खराही होता. पण समोर गव्हाचे शेतकरी बसलेले. कोणीतरी विचारले, यानं गेरवा बी थांबते काय? मला नाही म्हणता आले असते. पण लोक पहिल्यांदाच माझ्याकडे मान वर करून पाहत होते. मी म्हणालो, का नाही, सगळेच रोग थांबतात.

दाराशी उभे असलेले चाचा बोलले. “मोरचूद मी रंगात चाळीस साल वापरून राह्यलो, साहेब. तो बियाच्या अंगाले लागते. गेरवा येते हवेतून. तुमी दाराले कुलूप लावून राह्यले, आन् चोर येते छपराचं कवेलू काढून.”

चावडी हसली. पाटील सगळ्यांत मोठ्याने हसले. मीही हसल्यासारखे केले. घरी आलो तर चाचांनी नेहमीसारखे माझ्यासाठी पाणी तापवून ठेवले होते. त्यांच्या लेखी चावडीत काही घडलेच नव्हते. मी मात्र त्या पाण्याने अंघोळ केली नाही. चूक माझी होती, ती त्यांनी दाखवली होती, आणि राग मला त्यांचा आला होता. माझ्या मनात त्या दिवसापासून एक कडवट चूळ साचून राहिली, आणि ती कुठेतरी टाकायची संधी मी शोधत होतो, हे आज लिहिताना मी लपवत नाही.

संधी पौषात आली. चार दिवस आभाळ आले, आणि पाटलांच्या मळ्यात दांड्यावरचा गेरवा दिसला. नेमका त्या बांधावर, जिथल्या बाभळीला चाचांची फडकी होती. इतरांच्या शेतात तो दोनचार दिवसांनी आला, पण पाटलांच्या मळ्यात आधी. हा गहू हिरवाच कापा, असे सांगायला चाचा त्यांच्या दारात गेले होते, त्यामुळे पाटलांचा जीव आधीच जळत होता. कोणीतरी म्हणाले, म्हातारा गावोगावच्या गाडीवानांची धोतरे चाचपतो, मग तेच हात घेऊन आपल्या पिकातून फिरतो. फडक्यांवर रोग गोळा करतो आणि आपल्याच बांधावर टांगतो.

पाटील पाचसहा जणांना घेऊन माझ्याकडे आले. चाचा तेव्हा ओढ्यावर कापड धुवायला गेले होते. पाटलांनी सरळ विचारले, “कामदार साहेब, तुमी शिकेल माणूस. हा गेरवा फडक्यावरून पसरते काय? हो का नाई, एवढंच सांगा.”

मला उत्तर ठाऊक होते. भुकटीने हा रोग पसरतो, हे पुस्तकात होते. आणि हेही ठाऊक होते की फडक्यावर चिकटते ती चिमूट, तीही तेलात अडकलेली. शेतात आणि वाऱ्यावर असते ती पोत्यांनी. फडके रोग आणत नाही, आल्याची खूण दाखवते. हे सांगायला दोन वाक्ये जास्त लागली असती. मी ती सांगितली नाहीत. मी म्हणालो, “भुकटी जिथे जाते तिथे रोग जातो. कापडाला लागलेली भुकटीही भुकटीच.”

पाटील म्हणाले, “हाव. मंग झालं.”

ते वळले, अंगणातून बाहेर पडले, ओढ्याच्या उतारापर्यंत गेलेले मला दिसत होते. हाक मारायला तेवढा वेळ होता. मी दारात उभा राहिलो.

बाभळींवरची फडकी त्यांनी उतरवली. मग घरी येऊन पेटी मागितली. चाचांनी ती स्वतः उचलून बाहेर आणून दिली, वाद घातला नाही. अकरा वर्षांची फडकी गावाबाहेर जाळली. तेलाची असल्याने चटकन पेटली. चावडीत ठरले की यापुढे दरसाल कार्तिकापासून होळीपर्यंत रंगाऱ्याने कोणाच्या शेतात पाय ठेवायचा नाही, आणि गाडीवानांजवळ जायचे नाही. चाचांनी एकच विचारले, कोणी सांगितले? पाटील म्हणाले, शिकलेल्या माणसाने.

त्यांनी पांढरे घालणे सोडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सदरा आणि पायजमा स्वतःच काळ्या रंगात बुडवला. काळ्यावर काही दिसत नाही, त्यामुळे कोणाला संशय नको, असे ते म्हणाले. मशिदीची जवळची वाट गव्हाच्या बांधावरून होती. ती सोडून ते गावाला वळसा घालून जाऊ लागले. सकाळी उठण्याची सवय मात्र मोडली नाही. दवाच्या वेळी ओट्यावर येऊन बसत, आणि समोर शेते दिसत असतानाही पाठ त्यांच्याकडे करून बसत. जो माणूस सकाळी बोलत नसे, तो आता सकाळभर बोले. भाजीचे, पाण्याचे, कशाचेही. ते ऐकताना मला खोलीतून बाहेर पडावेसे वाटत नसे.

मला त्यांनी खोली सोडा म्हटले नाही. पाणी तापत राहिले. ते मी वापरतही राहिलो, कारण न वापरण्याचे कारण सांगावे लागले असते. वर्षभराने माझी बदली झाली. निघताना त्यांनी माझी पेटी गाडीत ठेवली, दोरी आवळली, आणि दोरीकडेच पाहत म्हणाले:

“साहेब, नुसता खोटा रंग धुण्यात निंघून जाते. खोट्याले खऱ्याची तुरटी लावली, का पक्का बसते.”

मी काय म्हणालो? “येतो, चाचा,” म्हणालो.

पुढची सतरा वर्षे मी त्या गावाकडे फिरकलो नाही. बढती मिळाली, लग्न झाले, मुले झाली. मधल्या काळात खात्याचे एक पत्रक माझ्या टेबलावर आले. आपल्याच देशातल्या एका संशोधकाने वर्षानुवर्षे खपून सिद्ध केले होते की आपल्या मैदानात उन्हाळ्याच्या तापात तांबेरा जगत नाही. दरसाल तो डोंगराळ थंड मुलखातून वाऱ्याबरोबर येतो, आमच्या भागात दक्षिणेकडून. ते पत्रक मी कचेरीत वाचले आणि उठून बाहेर गेलो. त्या संशोधकाकडे काचपट्ट्या होत्या आणि सूक्ष्मदर्शक होते. चाचांकडे जवसाचे तेल आणि रंगीत दोरा होता. सगळे शास्त्र त्यांना सापडले होते असे मी म्हणणार नाही. पण वाट त्यांना सापडली होती, आणि अकरा वर्षांच्या खुणा माझ्या एका वाक्यावर जळल्या होत्या. तरीही मी गेलो नाही. पत्र लिहावे म्हटले तर त्यांना वाचता येत नाही, अशी सबब मी स्वतःला दिली.

मग तांबेऱ्याचे ते मोठे साल आले. आमच्याकडच्या जुन्या माणसांना ते सांगावे लागत नाही. उभा गहू आठ दिवसांत गंजल्यासारखा झाला. पिकातून गेलेले कुत्रेसुद्धा लाल होऊन बाहेर येई. चाचा फिरते असते तर गहू वाचला असता, असे मी म्हणणार नाही. त्याला कोणी थांबवू शकले नसते. पण त्या वर्षी गावाला पंधरा दिवस आधी सांगणारे कोणी नव्हते, हेही खरे.

पुढच्या पेरणीआधी गावोगाव सभा घ्यायचा हुकूम सुटला. कोणत्या गावी मी स्वतः जाणार, ते मलाच ठरवायचे होते. यादीत ते गाव आले तेव्हा मी ते हाताखालच्या माणसाला देऊन टाकले. दोन दिवसांनी परत घेतले.

चाचा होते. मोतीबिंदूने डोळे पांढुरके झालेले, अंगावर काळा सदरा. हातांवरचे रंग फिकट झाले होते, पण निळा कोणता आणि लाल कोणता ते अजून कळत होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखले आणि बसा म्हणाले. मी वाटेत जुळवून आणलेले सगळे सांगून टाकले. पाटील काय विचारायला आले होते, मला काय ठाऊक होते, मी काय बोललो आणि कशाच्या रागाने बोललो. शेवटी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

“मले काऊन सांगून राह्यले? मले तर त्याच दिशी मालूम होतं.”

“माफी मागायला आलोय, चाचा.”

“माफी मले काय कामाची? मी अठी घरात बसेल हाव. ज्याइले तुमी ते सांगतलं होतं, त्याइले हे सांगा. बंदी त्याइनं घातली.” मग त्यांनी विचारले, “या साली दांड्यावरचा होता ना?”

मी हो म्हणालो.

“मले वासावरून वाटलंच होतं,” ते म्हणाले.

दुपारी चावडीत सभा होती. जुने पाटील वारले होते, त्यांचा मुलगा मध्ये बसला होता. त्या दिवशी माझ्या अंगणात आलेल्यांपैकी दोघे म्हातारे समोर होते. मी पोलीसपाटलाच्या एका शिपायाला पाठवून चाचांना बोलावून घेतले. ते काठी टेकत आले आणि बाहेरच, चपलांजवळ बसले. आत या म्हटले तर आले नाहीत.

मी वहीत लिहून आणलेले भाषण उघडले. पहिले वाक्य होते, ‘गेल्या हंगामातील तांबेऱ्याच्या प्रादुर्भावासंबंधी.’ ते मला वाचता येईना. मी वही मिटली आणि अठरा वर्षांपूर्वी या गावाने मला काय विचारले होते ते सांगू लागलो. एक म्हातारा मध्येच म्हणाला, जाऊ द्या साहेब, जुनी गोठ होय, पाटील बी गेले. मी त्याला हात जोडले आणि बोलत राहिलो. माझा जन्म खामगावचा, पण साहेब झाल्यापासून घरची बोली मी सभेत कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी दुसरी भाषा तोंडात येईना.

“बापहो, तुमी मले विचारलं होतं, गेरवा फडक्यावरून पसरते काय. मी हाव म्हणलं. ते खरं नव्हतं. मले तवाच माहीत होतं. फडकं रोग आणत नाई, तो आलेला दाखवते. हा माणूस बरोबर होता आन् मी चूक होतो, हे मी एकदा याच चावडीत ऐकलं होतं. त्याचा राग मी असा काढला. तुमी जी बंदी घातली ती माह्या बोलण्यावर घातली. तुमचा गुन्हा नाई, माहा होय. ती आज उठवा, एवढं मी मागतो.”

मग मी दाराकडे वळलो. चाचांची मान खाली होती, आणि त्या पांढुरक्या डोळ्यांना मी दिसत होतो की नाही, कोण जाणे. सगळी चावडी ऐकेल अशा आवाजात मी म्हणालो:

“चाचा, मी जाणून बोललो होतो. मले माफ करा.”